जाळी

शिरोलीच्या फाउंड्रीत बावीस वर्षं
मी वाळू चाळली.
जाळी फाटली की जुनी भंगारात,
मुकादम नवी द्यायचा.

अंग बाहेर यायला लागलं तवा
डॉक्टर म्हणाले, शेवंताक्का, आत जाळी बसवू,
केसासारखी बारीक. विसरून जाल.

बसताना टोचती.
केएमटीत पोरं उठून जागा देत्यात,
मी म्हणतो, नगं बाबा, फुडं उतरायचंय,
आणि उभी ऱ्हातो शेवटच्या स्टॉपपर्यंत.
नवऱ्याला एकदाच टोचली.
त्यानं काय इचारलं न्हाई,
अंथरूण तेवढं सोप्यात नेलं.

थोरल्या दवाखान्यात नव्या मॅडम.
कंपनी कुठली? कागद आहे?
हुता, साडीच्या घडीत.
नाव चुकलेलं, शेवंताचं वसंता,
जाळीचा नंबर तेवढा ठळक.
म्हणाल्या, मांसानं धरलीय तिला.
सगळी निघणार नाही. निघेल तेवढी काढू.

भाईर बाकावर जागा हुती.
गडहिंग्लजची एक बाई भिताडाला टेकून उभी,
हातात तसलीच फाईल.
बसा की, मी म्हणलं.
तुमीच बसा, ती म्हणली.
मग दोघी हसलो, जपून,
आणि बाक तसाच रिकामा.