हालचाल आढळली

फहाहीलच्या या चौथ्या मजल्यावर
कॅमेरा लावला तो अब्बा गॅस चालू ठेवतात म्हणून.
लिंबाएवढा, कपाटावर, तोंड बाहेरच्या दाराकडे.
काही हललं की फोनवर एक ओळ येते:
हालचाल आढळली.

पहिली फीत. रात्रीचे दोन चाळीस.
सगळं राखाडी, अब्बांचे डोळे तेवढे
गल्लीतल्या मांजरासारखे पेटलेले.
दोन पेल्यांत सुलेमानी ओततात,
एक रिकाम्या खुर्चीपुढे सरकवतात.
"घे रे, ताप उतरेल."

डॉक्टर म्हणाले, होतं असं,
आधी कालचं जातं, मग परवाचं.
माझं नाव मे महिन्यात गेलं.
अम्मीचं मरण जूनमध्ये,
तेव्हापासून ती रोज संध्याकाळी
नुकतीच मासळीबाजारात गेलेली असते.

नववी फीत.
खिडकीबाहेर रिफायनरीची ज्योत, भिंत फुगते, बसते.
अब्बा खुर्चीशी बोलतात, मग स्वतःच उत्तर देतात,
पण बारीक, घोगऱ्या आवाजात:
"दार उघड मरे, माका उकाडता."
आम्ही बाणकोटचे. आमच्यात मालवणी
कुणालाच येत नाही.

तेराव्या फितीत दुसरा पेला रिकामा होतो.
मी ती अकरा वेळा पाहिली.
अब्बांचा हात त्याला लागत नाही.

बाकीचं मी तुकड्यांतून जुळवलं.
नव्वदचा ऑगस्ट. समुद्रामागच्या गल्लीतली खोली,
दोन खाटा, एक पंखा.
रस्त्यावर रणगाडे आणि पेडणेकरला एकशेचार ताप.
शिपायांना खोली ओसाड वाटावी
म्हणून अब्बांनी बाहेरून कुलूप घातलं.
"हलू नकोस. गाडी घेऊन लगेच येतो."
गाडी मिळाली. तिच्यात एकाचीच जागा होती.
बसरा, बगदाद, अम्मानचा तंबू, विमान,
दापोलीत निकाहाचा पुलाव, मी,
आणि ब्याण्णवात परत हेच कुवेत,
फक्त त्या गल्लीतून कधी जायचं नाही.
किल्ली बिस्किटांच्या डब्यात, औषधांच्या खाली.
लहानपणी विचारलं तर म्हणायचे, सायकलची आहे.

आजार बाकी सगळं पुसत पुसत
शेवटी त्या दाराशी येऊन थांबला असेल.
किंवा दार आतून कुणीतरी ढकलतंय,
आणि मध्ये उभे असलेले आम्ही
एकेक करून बाजूला पडतोय.

आज. तीन वाजून सहा.
मी माझ्या खोलीत, अंथरुणात, फोन छातीवर.
पडद्यावर अब्बा: इस्त्रीचा शर्ट, केसांना पाणी लावून भांग,
कोपर किंचित बाहेर,
कुणी धरल्यावर असतं तसं.
दाराशी थांबतात. मान वर करतात.
सरळ कॅमेऱ्यात, म्हणजे माझ्याकडे.
"पेडणेकर, हलू नकोस.
गाडी घेऊन लगेच येतो."

कुलूप मी दोनदा ऐकते.
आधी भिंतीपलीकडून, मग क्षणभराने फोनमधून.
इतक्या वर्षांपूर्वीची ती किल्ली
या दाराला लागते.

मग एसी बंद पडतो.
बाहेर रात्रीसुद्धा एकेचाळीस.
हाक मारावी म्हणून तोंड उघडते
आणि घशातून निघतं ते घोगरं, बारीक.

पडद्यावर रिकामी खोली.
खुर्ची मघाशी दाराकडे होती,
आता माझ्या खोलीकडे.

हालचाल आढळली.