एकेचाळीस बुधल्या

जालन्यात, मोंढ्यामागच्या बोळात
बागरेचांचं बियाण्यांचं दुकान
आणि दुकानाच्या माळ्यावर पाच कॉम्प्युटर.
तासाला पंधरा रुपये. चपला खाली काढायच्या.
बियाण्याला चोळलेल्या औषधाचा वास वरपर्यंत यायचा.
अजूनही तो वास आला
की मला तलवार उपसावीशी वाटते.

गेमला आम्ही 'राखवेस' म्हणायचो.
खरं नाव कुणाला धड म्हणताच आलं नाही.
डबा नव्हता, पुस्तिका नव्हती,
शुजाउद्दीननं औरंगाबादहून आणलेली सीडी,
तिच्या कडेला ओरखडा.
त्या ओरखड्यापायी तिसऱ्या गावातला लोहार
आमच्याशी कधी बोललाच नाही.
आम्हाला वाटायचं, शाप असंल.

सात वेशी, सात राक्षस,
आणि आठवी वेस, जी उघडत नाही.
बनवणाऱ्यांचे पैसे संपले होते म्हणे,
कंपनीला टाळं, माणसं पांगली,
अर्धा मुलूख कोराच सोडून.
हे फार पुढं कळलं.
तेव्हा विश्वंभर दोन उन्हाळे
त्या वेशीला डोकं घासत बसला,
"किल्ली असंल लेका. कुठंतरी असंलच की."

लाईटचा नेम नाही, यूपीएस चार मिनिटांचा,
म्हणून दारापाशी सेव्ह,
चोराशी बोलण्याआधी सेव्ह, बोलून झाल्यावर सेव्ह.
आणि पाणी.
त्या मुलखात जखम भरायला बुधलीतलं पाणी प्यायचं असतं.
आम्ही पीत नसू.
जीव नखाएवढा उरला तरी
शुजा मागून ओरडायचा, "मत पी रे, आगे लगेगा!"
घरी नळ पंधराव्या दिवशी.
सातवा राक्षस पडला तेव्हा झोळीत
एकेचाळीस बुधल्या होत्या, काठोकाठ.

मग सगळ्यांकडे मोबाईल आले.
शेठनी कॉम्प्युटर भंगारात घातले.
जालन्यातलं भंगार भट्टीत जातं, सळई होऊन निघतं.
आमचा तीन नंबर
कुणाच्या तरी स्लॅबमध्ये असेल आता.
जाण्याआधी शुजानं सेव्ह तेवढी काढून घेतली होती,
का, ते त्यालाही सांगता येत नाही.

विश्वंभरचा हल्ली टँकर आहे, बारा हजार लिटरचा.
परवा त्याच्या पोरीनं, स्वरांगीनं,
लॅपटॉपवर राखवेस लावली.
वीस वर्षं कोण कुठली माणसं
ती फाटकी गोधडी शिवत बसलीत, फुकट.
कुणी झाडं काढली, कुणी पूल जोडला,
लोहार बोलला.
(काही विशेष नाही. "नाल बसवायची का," म्हणाला.
आम्ही तिघं गप्प.)
आणि आठवी वेस उघडते आता.

शुजा रियाधहून फोनवर, चेहरा अर्धाच दिसतोय.
वेस उघडली.
पलीकडं कुणी नाही. राखाडी सपाटी,
आभाळ अजून कुणी रंगवलेलं नाही.
विश्वंभर चालत राहिला, दहा मिनिटं, वीस,
टँकरवाल्याचा फोन दोनदा वाजला, उचलला नाही.
मग थांबला, झोळी उघडली,
आणि अंगावर ओरखडाही नसताना
एक बुधली प्यायला.

"चाळीस," स्वरांगी म्हणाली.

फोनमधून खरखर, मग शुजा:
"सेव्ह किया क्या बे?"