डावं पान

उजव्या पानावर मी लिहायचे, काय केलं.
डाव्या पानावर, काय झालं.
प्रशिक्षणात सांगितलं होतं, याला कृतिसंशोधन म्हणतात.
मला वाटलं, एवढंच ना,
माझी आई पावाच्या पिठाशी हेच करायची, वही न घेता.

चिलोए बेटाच्या पूर्व कडेला आमची शाळा,
लाकडी भिंती, पत्र्याचं छत, चार वर्ग, एक चूल.
तीननंतर पूरक वाचनवर्ग. पटावर अकरा.
मार्चमध्ये नऊ यायची,
मेमध्ये चार.

आधी वेळ बदलली.
पलीकडच्या बेटाची होडी ओहोटी लागायच्या आत सुटते
आणि व्याकरणासाठी थांबत नाही.
डावं पान: पाच मुलं. त्यातलं एक झोपलेलं.

मग पुस्तकं बदलली.
पुएर्तो मोंतहून खोकं आलं, येतानाच भिजलेलं.
चुलीवर दोरी बांधून
आम्ही कोल्हे, राजे आणि आगगाड्या वाळत घातल्या.
डावं पान: पाचच. पुस्तकांना धुराचा वास.

जूनमधल्या एका बुधवारी देलमिरा गुइनेओ
दारातच अडली.
आत ये की, म्हटलं.
ती वर बघत राहिली, पाटीकडे,
माझ्याच वळणदार अक्षरातल्या,
आधारवर्ग.
बाकी सगळं ती बोट ठेवून, अडखळत वाचायची.
हा एक शब्द तिनं झरकन वाचला होता.

पाटी काढली. तिची फळी झाली,
ओतिलियाबाई आता तिच्यावर बटाटे चिरतात.
वर्ग स्वयंपाकघरात आणला.
हेडमास्तर दोन आबेलिनो म्हणाले, हे नियमात बसतं का?
मी म्हटलं, मुलं तर बसताहेत.
डावं पान: आठ.

इथवर सगळी चूक घड्याळाची, होडीची, पाटीची होती.
मला बरं वाटत होतं.

मग मी फोन पिठाच्या डब्यामागे ठेवून
स्वतःचाच तास टिपला,
आणि रात्री अंथरुणात ऐकला.
मी प्रश्न विचारते. मीच उत्तर देते.
दोन्हींच्या मध्ये जेमतेम एक सेकंद,
त्यातही चमच्याचा आवाज.
इस्माएल उएनचुर, ज्याच्या नावापुढे
सलग दोन वर्षं मी लिहिलं, उत्तर देत नाही,
तो श्वास घेताना ऐकू येतो.
आत ओढलेला, बोलण्याआधीचा श्वास.
आणि त्यावर माझा आवाज,
उकळत्या भांड्यावर कुणी झाकण आपटावं तसा.

तेवढंच मी चारदा ऐकलं.
त्या रात्रीचं डावं पान कोरं आहे.

दुसऱ्या दिवशी उजव्या पानावर: थांबायचं. सातपर्यंत.
वाटतं तितकं सोपं नाही.
तिसऱ्यालाच जीभ वळवळते,
चौथ्याला वाटतं, मुलं मला वेंधळी समजताहेत,
पाचव्याला ओतिलियाबाईंची सुरीही थांबते.
गोष्टीतला म्हातारा अर्ध्या वाटेतून का परतला?
सहा.
सात.
इस्माएल म्हणाला, भरती फिरली असेल.
पुस्तकात समुद्रच नव्हता. म्हातारा डोंगरावर होता.
मी बरोबर म्हटलं नाही, चूकही म्हटलं नाही,
म्हटलं, सांग पुढे,
आणि त्यानं सांगितलं, होडी तयार होईपर्यंत.

सप्टेंबरमध्ये बटाट्याची लागवड. पुन्हा पाच मुलं.
अहवालात टक्केवारी मागतात, ती मी दिली;
आलेख वर गेला, मग खाली आला,
मी तो खोडरबरानं सरळ केला नाही.
अकरावं मूल, सेफेरिनो, एकदाही आलं नाही.
त्याच्यासाठी कुठली फेरी, अजून सुचलेलं नाही.

काल भांडी आवरताना इस्माएल हळूच म्हणाला,
बाई, तुम्ही मनात मोजता ना?
तुमचे ओठ हलतात.
मी कधीपासून मोजतोय तुमच्याबरोबर.
माझं उत्तर पाचव्यालाच तयार असतं.

मग बोलत का नाहीस?

त्यानं ताट पुसलं, दोन्ही बाजूंनी,
उजेडात धरून पाहिलं.
पुढचे दोन, म्हणाला,
मला आवडतात.