सूतभर

गंज पेठेतल्या रात्रशाळेतले बाक सकाळच्या मुलांचे,
पाचवीच्या. मल्लिनाथ कोरेंचे गुडघे
त्यात मावत नाहीत, म्हणून ते तिरके बसतात,
एक पाय वाटेत,
नखांत पांढरं सिमेंट.
वाकडहून यायला उशीर झाला की कारण एकच:
विद्यापीठ चौक.

फळ्यावर मी दोन बिंदू मांडले.
अ (२, ३). ब (६, ५).
रेषेचा चढ म्हणजे, म्हटलं,
पुढे जाता जाता किती वर गेलो ते.
पाचातून तीन गेले, सहातून दोन गेले,
वर दोन, खाली चार.
एक छेद दोन.

कोरे बघत राहिले.
"येवढा ढाळ बाथरूमला दिला, बाई,
तर माणूस साबणासकट बाहेर येईल."
मागच्या बाकावरची डबे पोचवणारी पोरं हसली.
"मग किती देता?"
"फुटाला दोन सूत."
आणि वहीच्या कडेला, मी न सांगता,
फुटाचे इंच, इंचाचे सूत,
बारा आठे शहाण्णव,
शहाण्णवात दोन: एक छेद अठ्ठेचाळीस.
वीस वर्षं हातात असलेली गोष्ट
पहिल्यांदाच अंश-छेदात लिहून
त्यांनी तिच्याकडे जरा संशयानंच पाहिलं.

पुढच्या गणितात घोळ झाला.
अंशात ब आधी घेतला, छेदात अ.
उत्तर उणे आलं.
मी लाल पेन उघडायच्या आत म्हणाले,
"पाणी दाराकडं चाललं की,"
आणि स्वतःच खोडलं.
क्रम सांभाळा, क्रम सांभाळा,
असं मी दर वर्षी घसा कोरडा करून सांगते.
मला हे वाक्य सुचलं नव्हतं.

त्यांना दहावी हवी आहे.
त्याशिवाय साइटवर सुपरवायझर करत नाहीत,
आणि ज्याला त्यांनी थापी धरायला शिकवली
तो आता त्यांच्या हजेरीवर सही करतो.
इंग्रजी दोनदा राहिलंय. गणित एकदा, नऊ मार्कांनी.

शेवटी क (४, १) आणि ड (४, ७).
पट्टी सापडेना. हातानंच ओढली उभी रेघ.
सातातून एक, सहा. चारातून चार, शून्य.
शून्यानं भागता येत नाही, म्हणून
या रेषेचा चढ सांगता येत नाही.
लिहून घ्या.
पोरांनी लिहून घेतलं.

कोरे उठले. पिशवीतून ओळंबा काढला,
पितळी, टोकाशी घासून उजळलेला.
दोरा फळ्याच्या वरच्या चौकटीला धरला
आणि वजन हलायचं थांबेपर्यंत थांबले.
कुणीतरी पंखा बंद केला.

दोरा आणि खडू
वर एकत्र होते. खाली नव्हते.

"तुमच्या रेषेला चढ आहे, बाई.
सूतभर कललीय."
मग जरा वरमून,
"भिंत असती तर उतरवली असती."

खरंच होता. छेदात शून्य नव्हतं,
काहीतरी बारीकसं होतं,
आणि म्हणून उत्तरही होतं,
भलंमोठं, पण होतं.
तेवढ्यात शिपाई दिवे घालवायला आला.
रेघ तशीच राहिली, सकाळच्या पाचवीसाठी.

धनकवडीला पोचले तेव्हा साडेदहा.
भाड्याच्या जागेतलं बाथरूम,
कोपऱ्यात चार वर्षं पाणी साचतं,
चार वर्षं मी ते खराट्यानं लोटते
आणि घरमालकांना सांगायचं राहून जातं.
आज तांब्याभर ओतलं, अगदी जाळीशेजारी,
आणि उकिडवी बसले.
पाणी क्षणभर विचारात पडलं.
मग निघालं, सावकाश,
उंबऱ्याकडे.

दोनच बिंदू होते.
कुणीतरी, कधीतरी, घाईत,
वजाबाकी उलटी केली होती.

मी पायपुसणं उचललं.