फुटल्याची वही

वाल्दिव्हियात शाळा मार्चमध्ये उघडते,
उन्हाळा पाय ओढत निघालेला असतो तेव्हा.
सातवीचा वर्ग. चोवीस मुलं, तेवीस चष्मे.
चोविसावा कुणाच्या तरी घरी
अजून कांदे चिरत असावा.

दाराशी थांबायचं. केस बांधायचे.
मफलर खुंटीला, खाऊ बाहेर,
च्युइंगम कागदात, कागद डब्यात.
टेबलाच्या पोटाला नाही, एलेओदोरो,
टेबलाचं पोट मी पाहिलंय.
वास घ्यायचा तो हाताने वारा घालून,
नाक खुपसून नाही.
(दुसऱ्याच्या भांडणातही नाही. पण तो तास वेगळा.)
जमीन हलली तर आधी गॅस, मग टेबलाखाली.
हे मी फक्त एकदा सांगते.
इथल्या पोरांना ते चालायच्या आधी येतं.

मी शिकले ती हीच खोली.
तेव्हा भिंतीवर नियम अकरा होते
आणि सगळे 'नाही'पाशी येऊन उभे राहायचे,
शिक्षा झाल्यासारखे.
आता पाच आहेत. चौथा जरा तिरका,
कारण शिडी डुगडुगत होती
आणि ती धरणारे एर्नाल्दोकाका
नातवाचं लग्न सांगत होते.

फुटलं तर सांगायचं.

एवढंच. खाली खिळ्याला दोरीने बांधलेली वही:
काय फुटलं, कधी,
आणि तेव्हा लक्ष कुठे होतं.

'बीकर, मोठा. नऊ वाजून दहा.
नदीवर समुद्रसिंह भांडत होते.'
'काचपट्ट्या दोन. कांद्याचा पापुद्रा बघत होते.
खूप सुंदर होता.' ही मियाराय कात्रिलेओ.
'काही फुटलं नाही. पण फुटेल असं वाटलं.'
हे कुणाचं ते अक्षरावरून कळतं.
मी विचारलं नाही.

मे महिन्यातला मंगळवार. बाल्तासारच्या टेबलावर
टिचकी मारल्यासारखा आवाज.
बावीस वर्षं शिकवलं की काच ओळखू येते,
जाड की पातळ, कुठल्या रांगेतली.
मग त्याचा हात खिशात,
पाठ एकदम शहाण्या मुलासारखी ताठ.

मी फळ्याकडे पाहत राहिले.
फळ्यावर काही नव्हतं.
शंभरापर्यंत मोजेन, मग जाईन, असं ठरवलं.
खिशातल्या काचेला शंभर फार होतात
हे मला कळत होतं, तरी मोजत होते.
साठ. एकसष्ट.
ऐंशीच्या पुढे आकडे पायाखाली येऊ लागले.

अठ्ठ्याऐंशीला खुर्ची सरकली.
त्याने काच आधी सुपलीत ठेवली, मग उरलेली ब्रशने लोटली,
हाताने नाही, शिकवलं होतं तसं.
अंगठ्यावर लाल रेघ. नळाखाली धरली.
मग वहीपाशी उभा राहिला बराच वेळ,
जीभ दातांत धरून.

'परीक्षानळी. लपवली. दीड मिनिट.'
'दीड' खोडून वर: 'जास्त वाटलं.'
लक्ष कुठे होतं, तो रकाना रिकामा.

घंटा झाली. चष्मे खुंट्यांवर गेले,
स्टुलं टेबलांवर उलटी चढली,
गॅसचे नळ दोनदा तपासले, एकदा मी, एकदा मियारायने.
खोली आमच्याशिवाय फार नीट दिसते.
मी पेन घेतलं.

'थर्मामीटर, पाऱ्याचा. याच खिडकीखाली.
थेंब आगपेटीत भरून घरी नेले.
लक्ष: त्या थेंबांकडे. धरायला गेलं की
एकाचे दोन होत होते.
सांगायला लागलेला वेळ: छत्तीस वर्षं.'
खाली सही. नोल्फा पायलालेफ, सातवी.

दुसऱ्या दिवशी दाराशी थांबायचं, केस बांधायचे,
हे सगळं सोडून
वहीभोवती घोळका.
"बाई," एलेओदोरो, तोंडात च्युइंगम,
"मग त्या आगपेटीचं काय झालं?"

चष्मे, मी म्हटलं.
आधी चष्मे.