आकसणी

शेवटची ओळ लिहून झाली
आणि एंटर दाबायचं राहिलं.
खराडी, सातवा मजला, रात्रीचे पावणेबारा.
इथला एसी कुणाच्या बापाला बंद करता येत नाही,
म्हणून शाल पांघरून बसलेय.

ओळ अशी:
स्टॅक, टिंब, डिलीट, रिकामा कंस.
एवढीच.

टिंबाच्या अलीकडे वस्तू, पलीकडे तिची क्रिया.
पहिल्याच आठवड्यात धायगुडे म्हणाला होता,
घाबरू नकोस गं, हे टिंब म्हणजे आपली षष्ठी.
स्टॅकचं होणं. स्टॅकचं बदलणं. स्टॅकचं जाणं.
आणि कंस रिकामा का?
जाणाऱ्याला काही विचारायचं नसतं, म्हणाला,
आणि स्वतःच हसला.

हा स्टॅक त्याचाच.
तीन सर्व्हर, एक डेटाबेस, दोन फायरवॉल, एक बकेट.
सगळं मुंबई रीजनमध्ये.
मुंबई पाहिलीय आम्ही,
ती खोली कुणीच पाहिलेली नाही.
इथून हाक मारायची, तिथं घर उभं.
साच्याची फाईल दोनशे अकरा ओळींची;
दिवाळीच्या सेलला त्यातून त्यानं
चाळीस स्टॅक काढले होते
चहा निवायच्या आत.

त्याचे वडील भोसरीला,
फाउंड्रीवाल्यांना लाकडी पॅटर्न करून द्यायचे.
पंपाची बॉडी, गिअरबॉक्सचं झाकण:
आधी सागवानात, मग वाळूत, मग लोखंडात.
कँटीनमध्ये पोहे खाता खाता
धायगुडेनं एकदा सॅकमधून त्यांची पट्टी काढली,
माझ्या पट्टीला लावून दाखवली.
फुटामागे बाजरीच्या दाण्याएवढी लांब.

लोखंड निवलं की आकसतं.
म्हणून साचा थोडा खोटा करायचा,
बेतानं खोटा.
अण्णा खिडक्यासुद्धा हिनंच मोजायचे, म्हणाला,
आणि कापड दुकानात खऱ्या मीटरनं.
आमचे पडदे जन्मभर आखूड.

यादीत त्याचं नाव गुरुवारी आलं.
लॅपटॉप, कार्ड, हेडफोन जमा करून
चार वाजता तो लिफ्टमध्ये होता.
स्टॅक मात्र चालूच.
नाव: धायगुडे-चाचणी-नंतर-काढणे.
नंतर म्हणजे चौदा महिने.
महिन्याला एकोणीस हजार.
शिरीन काझींचा मेल: हे कुणाचं? आजच काढा.

दाबलं.

जे शेवटी उभं राहिलं ते आधी जातं.
फायरवॉल मागे थांबतात, आवराआवर संपेपर्यंत,
मग त्याही.
पडद्यावर एकेक ओळ सरकत राहिली,
प्रत्येकीसमोर वेळ, सेकंदासकट.
खाली बायपासकडे जाणारा एक ट्रक
रिव्हर्सचं गाणं वाजवत उभा होता, बराच वेळ.

आणि एका ओळीत: वगळले.
बकेट गेली नाही.

साचा उघडला.
ओळ एकशे सत्याऐंशी, रिटेन:
बाकी सगळं गेलं तरी हे ठेव.
वर त्याची टिप्पणी, देवनागरीत, एकच शब्द:
आकसणी.

बकेटमध्ये एक फाईल.
चाचणीसाठी काहीतरी टाकायचं म्हणून टाकलेली असणार,
आम्ही सगळेच टाकतो, हॅलो हॅलो, एक दोन तीन.
यानं टाकलं होतं:
हॉलची खिडकी चार फूट.
कापड चार फूट अर्धा इंच आणणे.
अण्णांना सांगू नये.

मी काझींना लिहिलं: स्टॅक काढला.
ते खरं आहे.
बकेटचं बिल महिन्याला पैशाच्याही आत येतं,
गोळाबेरजेत दिसत नाही.

टॅगमध्ये मालकाच्या जागी त्याचं नाव होतं.
ते खोडून माझं लिहिलं.
मग पुन्हा उघडलं,
आणि त्याचंही राहू दिलं, माझ्या आधी,
मध्ये एक टिंब टाकून.