एकतीस की बत्तीस

जून लागला की फहाहीलमध्ये क्रिकेट बंद.
भंगारयार्डामागचं मैदान पायाखाली धरवत नाही.
मॅट गुंडाळून आम्ही गच्चीवर आणतो,
पाण्याच्या टाकीला लागून आडवी टाकतो
आणि सप्टेंबरपर्यंत
तिच्यावर बसून नुसतं बोलतो.

यंदा बोलायला मुसद्दिक होता.
मुसद्दिक बुरोंडकर. स्कॅफोल्डर. डावखुरा.
गेल्या हंगामात नऊ सामने, एकतीस बळी.
हे मी सांगतो, कारण मी टाइमकीपर.
टाइमशीटच्या पुढच्या बाजूला ओव्हरटाइम,
मागच्या बाजूला ओव्हर.

बातमी फैयाज चौगुलेने आणली, सलूनमधून.
मीना अब्दुल्लाची केटरिंगवाली टीम
मुसद्दिकला उचलणार.
स्टोअरकीपरची नोकरी, चाळीस दिनार जास्त,
दोघांत एक खोली, आणि एसी असा
की रात्री चादर लागते.

"चादर," नाचणकर म्हणाला,
आणि बराच वेळ कुणी काही बोललं नाही.

मग सुटले सगळे.
फुकट कसा द्यायचा? बदल्यात काय?
त्यांचा तो जाड्या ओपनर मागा, श्रीलंकेचा.
ओपनर नको, कीपर मागा,
आपला कीपर हातांनी कमी, बरगड्यांनी जास्त अडवतो.
दोन बॅट्समन आणि एक नवी मॅट.
मॅट कशाला? हिला काय झालंय?
मधोमध भोक आहे, उठून बघा.
अरे, त्या भोकातच तर टाकतो तो!
त्याच्याशिवाय ते नुसतंच भोक.
खांदा गेलाय त्याचा, पेडणेकर म्हणाला,
आता आहे तोवर भाव आहे,
पुढच्या वर्षी कोण विचारतो.
म्हैस आहे का ती?
म्हशीला निदान बाजारात उभी करतात रे,
इथे सौदा गच्चीवर
आणि म्हैस ओव्हरटाइमला.

आणि रिलीज? कंपनी रिलीज देईल?
यावर प्रत्येकाचा एक चुलतभाऊ होता
ज्याला मिळाली होती,
आणि एक मेहुणा, ज्याला नाही.

मीही बोललो.
मी म्हटलं, कीपरच घ्या.

मंगळवारपासून मला माहीत होतं.
यादी मीच टाइप केली होती.
काम दुसऱ्याला गेलंय, सेहेचाळीस माणसं
तीन कंपन्यांना वाटून द्यायची.
फैयाज वफराला, नाचणकर जहराला,
कीपर पार अब्दलीला, वाळूच्या टोकाला.
पेडणेकरच्या नावाचं स्पेलिंग मी दोनदा तपासलं.
त्याच्यासाठी तेवढंच हातात होतं.
बदल्यात कुणाला काय मिळालं
असा रकाना यादीत नव्हता.

साडेदहाला मुसद्दिक आला, बूट हातात,
पापण्यांवर सिमेंट.
सगळे एकदम टाकीकडे बघायला लागले.
त्याने खुबूस फाडला, डाळीत बुडवला,
"काय, कुठे चाललोय मी?" म्हणाला.
हसू फुटलं, जरा जास्तच.

यादीत त्याचं नाव नव्हतं.
उभारलेलं उतरवायलाही माणसं लागतात,
चार जण ठेवायचे होते, त्यांतला तो एक.
चार जणांची टीम होत नाही.
चौघांत मॅट उचलता येते फार तर.

जेवून झाल्यावर त्याने ताटातलं लिंबू घेतलं,
पिळलं नाही, बोटांत फिरवत राहिला,
शिवण शोधत असल्यासारखा.
"तू लिहितोस ना सगळं," मला म्हणाला,
"एकतीस की बत्तीस रे माझे?
तो शेवटचा झेल, मिडविकेटचा,
तो धरलाय की नाही?"

मार्चपासून नाचणकर सांगत आला होता,
शपथेवर, आईच्या,
की टप्पा पडला होता.
त्याने मुसद्दिककडे पाहिलं,
आता जाणाऱ्याकडे पाहतात तसं.

"धरला होता," नाचणकर म्हणाला.

नोटीस रविवारी लागणार होती, लिफ्टपाशी.
मी खिशातून पेन काढलं
आणि एकाचे दोन केले.